खाणीत कसबी माणसं मिळत नाहीत? जाहिरात काढायच्या आधी हे करून बघा

गेली बरीच वर्षं मी खाणीत काढली, आधी शिफ्टमध्ये आणि मग ट्रेनिंगच्या कामात, आणि "माणसंच मिळत नाहीत हो" हे वाक्य मी जिथे जिथे गेलो तिथे ऐकलं. खरंय ते, पण अर्धंच. गेटवर माणसं उभी असतात, काम मागतात, परत जातात, आणि आत फेसवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष खणणं चालतं तिथे, लाखमोलाची ड्रिल मशीन ऑपरेटर नाही म्हणून तीन शिफ्ट बंद पडून असते. म्हणजे माणूस आहे, कसब नाही. आणि माणूस आठवड्यात भरती होतो पण कसब तयार व्हायला वर्षं जातात, हा हिशोब बहुतेक ठिकाणी कोणी मांडतच नाही, मग एक दिवस एकदम तीन माणसं रिटायर होतात आणि पळापळ सुरू होते.

हे फक्त तुमच्याच खाणीचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या खाण इंजिनिअरांच्या संघटनेने आधीच सांगून ठेवलंय की २०२९ पर्यंत तिथले जवळपास २ लाख २१ हजार खाणकामगार रिटायर होणार, म्हणजे तिथल्या एकूण लोकांपैकी निम्म्याहून जास्त. ऑस्ट्रेलियात खाणी एवढ्या जोरात चालतात तरी मायनिंग इंजिनिअरिंगला पोरं येईनात. आणि दुसरीकडे मागणी वाढतेच आहे, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा की एका इलेक्ट्रिक गाडीला साध्या गाडीच्या सहापट खनिजं लागतात. तांबं, लिथियम, निकेल, ग्राफाइट सगळं जमिनीतूनच काढायचंय, आणि काढणारे हात कमी होत चाललेत.

आता असं का झालं, तर एक मोठं कारण आपलं आपणच केलंय. लोखंडाच्या खनिजाचा भाव २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास होता, २०१५ च्या शेवटी तो ४० च्याही खाली आला. त्या जवळपास पाच वर्षांत जगभर खाणींनी काय केलं? सगळ्यात आधी शिकाऊ पोरांना घरी पाठवलं, कारण ते उत्पादन देत नव्हते. ट्रेनिंग सेंटरला कुलूप लावलं. नुकतीच लागलेली इंजिनिअर मुलं काढून टाकली. ती पोरं आज दहा वर्षांच्या अनुभवाची झाली असती, म्हणजे नेमकी आज जी माणसं आपण शोधतोय ती. आणि ज्यांना काढलं त्यांनी आपल्या लहान भावंडांना सांगितलं की या लाइनीत येऊ नका. ते त्यांनी चुकीचं सांगितलं असं मी म्हणणार नाही.

तर आता करायचं काय ते सांगतो. मी ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने करा, कारण बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात, आधी जाहिरात, मग जास्त पगार, मग शेजारच्या खाणीतली माणसं ओढायची, आणि वर्षभराने शेजारचा तुमची ओढून नेतो. त्यात एकही नवा ऑपरेटर जगात तयार होत नाही, फक्त पगार वाढतात.

आधी कामं मोजा, माणसं नंतर

एचआरकडे जी लिस्ट असते ती पदांची असते. मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, रिकामी इतकी. त्या लिस्टवरून काहीच कळत नाही. मी पाहिलेल्या एका खाणीत इलेक्ट्रिशियनची सगळी पदं भरलेली होती, कागदावर तुटवडा शून्य, पण शॉवेलच्या (माल खणून डंपरमध्ये भरणारी मोठी मशीन) हाय व्होल्टेज केबलला आणि कंट्रोल पॅनेलला हात लावू शकणारा माणूस एकच होता आणि त्याची मुलगी आजारी पडली तेव्हा चार दिवस शॉवेल उभी राहिली.

म्हणून एक मोठा कागद घ्या आणि त्यावर अशी कामं लिहा की जी करणारा माणूस आला नाही तर शिफ्ट थांबते किंवा शिफ्ट चालू ठेवणं धोक्याचं होतं. सुरुंग भरणारा आणि उडवणारा ब्लास्टर, गॅस तपासणारा, वाइंडिंग इंजिन (माणसं-माल खालीवर नेणारी यंत्रणा) चालवणारा, सर्व्हेअर, व्हेंटिलेशन बघणारा, छताला बोल्ट मारून ते धरून ठेवणारा रूफ बोल्टिंगवाला, मोठ्या मशिनरीचा फिटर आणि इलेक्ट्रिशियन, पंपवाला (पंपवाल्याला सगळे विसरतात, पाणी भरलं की आठवतो). प्लांट असेल तर क्रशर आणि फ्लोटेशन (फेसाने खनिज वेगळं करायची टाकी) सांभाळणारे पण घ्या. ही लिस्ट ऑफिसात बसून करू नका, शिफ्ट इनचार्जना आणि जुन्या कामगारांना एकत्र बसवून करा, त्यांना बरोबर माहीत असतं कोण आला नाही की गाडं अडतं.

मग प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा. हे काम एकट्याने, रात्रीच्या शिफ्टला, कोणाला न विचारता कोण कोण करू शकतं. कोणी बाजूला असेल तर कोण करू शकतं. आत्ता कोण शिकतंय. आणि चौथं, नवा माणूस शून्यापासून पहिल्या रकान्यात यायला किती महिने लागतात, ते खरं खरं लिहा, ट्रेनिंगच्या पुस्तकात आठ आठवडे लिहिलंय म्हणून आठ आठवडे लिहू नका.

आता नावांसमोर रिटायर व्हायची तारीख टाका आणि मागे मोजत या. समजा एका कामाला सहा माणसं आहेत, त्यातली तीन पुढच्या तीन वर्षांत जाणार, आणि एक माणूस तयार व्हायला चार वर्षं लागतात. म्हणजे तुम्ही आज सुरू केलंत तरी एक वर्ष उशीर झालाय. हे वाक्य मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये कागदासकट ठेवा, "तुटवडा आहे" म्हटल्यावर कोणी हलत नाही पण "अमुक महिन्यात ही मशीन चालवायला कोणी नसेल" म्हटल्यावर सगळे सरळ होऊन बसतात.

ज्या कामासमोर पहिल्या रकान्यात एक किंवा दोनच नावं आहेत ती लाल करा. साधारण पाच-सहा कामं लाल निघतात. तुमचा सगळा वेळ आणि पैसा आधी तिथे जाऊ दे.

जे आहेत ते का जातायत ते बघा

बादलीला भोक असेल तर पाणी ओतून उपयोग नाही. नवीन माणूस घेण्यावर खर्च करायच्या आधी गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांची नावं काढा आणि त्यांना फोन करा. राजीनामा देतानाचं कारण खरं नसतं, त्या दिवशी सगळे "घरगुती अडचण" लिहितात, कारण त्यांना रिलीव्हिंग लेटर हवं असतं. तीन-चार महिने गेले की माणूस खरं बोलतो. आणि फोन त्याच्या जुन्या साहेबाने करायचा नाही, त्याला विश्वास वाटेल अशा दुसऱ्या कोणीतरी करायचा.

मी असे बरेच फोन केलेत. पगार पहिल्या कारणात क्वचित आला. जास्त करून आलं ते असं: सुट्टी कधी मिळेल ते आधी कळायचं नाही, ऐनवेळी रद्द व्हायची. खाणीवरच्या राहायच्या कॅम्पात झोप व्हायची नाही, दिवसा झोपणाऱ्या नाइट शिफ्टवाल्याच्या खोलीशेजारी जनरेटर. शिफ्टचा सुपरवायझर सगळ्यांसमोर शिव्या द्यायचा. धूळ. आणि नवीन पोरांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी, पहिल्या महिन्यात कोणी विचारलंच नाही की जमतंय का, नुसतं उभं करून ठेवलं.

यातलं बहुतेक सगळं तुमच्या हातात आहे आणि नवीन भरतीपेक्षा स्वस्त आहे. रोस्टर किमान तीन महिने आधी लावा आणि मोडू नका. खाण लांब असेल, लोक विमानाने किंवा रात्रभराच्या प्रवासाने येत असतील, तर प्रवासाचे दिवस त्यांच्या सुट्टीतून कापू नका. खोल्या अंधाऱ्या आणि शांत ठेवा, घरी व्हिडिओ कॉल लागेल असं नेटवर्क द्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा ये-जा करणाऱ्या खाणकामगारांच्या मानसिक त्रासाची तिथल्या विधिमंडळाच्या समितीने चौकशी केली होती, २०१५ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यात लांबलचक रोस्टर, थकवा आणि घरापासूनची ताटातूट हेच विषय होते. लोक आपल्या जिवाला जपणार, आणि जपायलाच पाहिजे.

धुळीबद्दल वेगळं सांगतो कारण इथे मला राग येतो. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ज्या गावातली चार माणसं पन्नाशीत धाप लागून बसलीयत त्या गावातला कोणता बाप पोराला खाणीत पाठवेल? ओलं ड्रिलिंग, पाण्याचे फवारे, बंद एसी केबिन, दरवर्षी एक्स-रे आणि फुफ्फुसाची तपासणी, आणि रिपोर्ट कामगाराच्या हातात. हे भरतीचंच काम आहे, सेफ्टीवाल्यांवर ढकलू नका.

जुन्या माणसाच्या डोक्यातलं बाहेर काढणं

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे त्यामुळे जरा लांबेल.

२००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात क्वीक्रीक नावाच्या कोळसा खाणीत नऊ माणसं खाली अडकली. झालं असं की शेजारी एक जुनी बंद पडलेली खाण होती, पाण्याने भरलेली, आणि यांच्याकडे तिचा जो नकाशा होता तो शेवटचा नव्हता. नकाशाप्रमाणे मधे भरपूर कोळसा शिल्लक होता, प्रत्यक्षात जुन्या लोकांनी तो आधीच काढलेला. मशीन भिंतीत घुसली आणि पाणी आत आलं. ७७ तासांनी नऊच्या नऊ जिवंत वर आले, पण नशीब प्रत्येक वेळी एवढं साथ देत नाही. मी जेव्हा "नॉलेज ट्रान्सफर" हा शब्द ऐकतो तेव्हा मला हीच खाण आठवते, जमिनीखाली नेमकं काय केलंय हे कोणाला तरी एकेकाळी माहीत होतं आणि ते पुढच्या माणसापर्यंत पोचलं नाही.

तुमच्याकडे रिटायर होणाऱ्या माणसाच्या डोक्यात असे कितीतरी नकाशे असतात. कोणत्या गॅलरीत पावसाळ्यात पाणी झिरपतं, कोणत्या बेंचला (खाणीतल्या पायरीला) दगडाची शीर तिरकी आहे आणि सुरुंगाच्या भोकांचा नेहमीचा पॅटर्न टाकला तर मोठे बोल्डर पडतात, कोणता पंप आधी थोडं गुरगुरतो आणि मग बसतो. छत ठोकून बघणारा जुना माणूस पहारीचा आवाज ऐकून सांगतो, खणखणीत आला तर ठीक, भद्द पोकळ आला तर सगळ्यांना मागे घेतो. हा फरक कागदावर लिहून शिकवता येत नाही, कानाने शंभर वेळा ऐकावा लागतो.

म्हणून त्याला "सगळं लिहून द्या" असं सांगू नका. एक तर त्याला लिहायची सवय नसते, आणि त्याला जे येतं ते त्याला इतकं साधं वाटतं की ते सांगण्यासारखं आहे हेच त्याला वाटत नाही. त्याच्याबरोबर चालत जा. खाली परवानगी असलेलाच रेकॉर्डर न्या, गॅस असलेल्या खाणीत साधा मोबाईल नेणं हा गुन्हा आहे हे वेगळं सांगायला नको, आणि तो नसेल तर वही पुरे. प्रश्न असे विचारा की गोष्ट बाहेर येईल. शेवटचं काम कधी थांबवलंत आणि काय बघून थांबवलंत? नवीन पोरगं इथे पहिली चूक कोणती करतं? पुस्तकात एक लिहिलंय आणि तुम्ही वेगळं करता असं काय आहे? या तिसऱ्या प्रश्नाला कधी कधी धोक्याचा शॉर्टकट पण बाहेर येतो, तेव्हा त्याला ओरडू नका पण ती सवय पुढच्या पिढीत जाऊ देऊ नका.

मग जोडी लावा. रिटायर व्हायच्या दिवशी नाही तर किमान वर्षभर आधी. पहिले दोन-तीन महिने म्हातारा करतो आणि तोंडाने बोलत राहतो, मी आता हे का करतोय ते. पुढचे काही महिने पोरगं करतं आणि म्हातारा बघतो. शेवटी पोरगं एकटं करतं आणि म्हातारा फक्त शिफ्ट संपल्यावर बोलतो. ही जोडी शिफ्ट इनचार्जच्या मनावर सोडू नका, कारण एक माणूस गैरहजर असला की पहिल्यांदा ही जोडीच मोडली जाते, "आजच्या दिवस पोराला तिकडे द्या" असं करत वर्ष निघून जातं आणि पोराने दहा दिवस पण शिकलेलं नसतं. जोडीतल्या पोराला हजेरीत उत्पादनाचा माणूस म्हणून मोजूच नका.

आणि शिकवणाऱ्याला पैसे द्या. हे मी हात जोडून सांगतो. बऱ्याच ठिकाणी जुना ऑपरेटर शिकवत नाही, त्याला वाटतं पोरगं तयार झालं की आपला ओव्हरटाइम गेला, किंवा उत्पादन कमी आलं की आपला बोनस गेला. त्याचं काही चुकत नाही. शिकवण्याचा वेगळा भत्ता ठेवा, शिकलेल्या पोराने स्वतंत्र परीक्षा पास केली की म्हाताऱ्याला रक्कम द्या, आणि रिटायर झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस ट्रेनर म्हणून बोलवा. मशीनवर नको, वय झालेल्या शरीराला ती शिफ्ट झेपत नाही. ट्रेनिंगच्या वर्गात त्याची खुर्ची असू दे.

कागद नसलेलं कसब

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकले होते ते सगळ्यांना आठवत असेल. बाहेरून आणलेली मोठी ऑगर मशीन (आडवं भोक पाडणारी) ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून मोडली, आणि शेवटचे जवळपास १२ मीटर अरुंद पाइपात झोपून हाताने खणणाऱ्या माणसांनी काढले. त्यांची खणायची पद्धत खाणीत धोक्याची म्हणून बंदी असलेली, आणि ती बंदी योग्यच आहे, पण त्या माणसांच्या हातात जे होतं ते कोणत्याच भरतीच्या फॉर्ममध्ये बसलं नसतं. चिलीत २०१० मध्ये सॅन होजे खाणीत ३३ जण सुमारे ७०० मीटर खाली ६९ दिवस अडकले, तेव्हा ज्या ड्रिलने त्यांच्यापर्यंत वाट काढली त्यावरचा एक मुख्य ड्रिलर अफगाणिस्तानातून बोलवून आणला होता, तो तिथे सैन्याच्या तळासाठी पाण्याच्या विहिरी खोदत होता.

यातून कामाची गोष्ट अशी घ्या, तुम्हाला लागणारं कसब दुसऱ्या धंद्यात असू शकतं. बोअरवेलवाले ड्रिलर, बोगद्यातले लोक, रस्त्याच्या कामावरचे एक्स्कॅव्हेटर ऑपरेटर, सैन्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर कोअरचे जवान, जहाजावरचे इंजिन फिटर, क्रेनवाले, रेल्वेचे सिग्नलवाले, मोठे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालवणारी शेतातली पोरं. यांना शून्यापासून शिकवू नका, त्यांना जे येतं ते आधी प्रत्यक्ष काम देऊन तपासा, त्याची नोंद करा, आणि फक्त राहिलेला फरक शिकवा. बोअरवेलवाल्याला ड्रिल येतं, त्याला गॅस, व्हेंटिलेशन आणि मिसफायर झालेलं, म्हणजे सुरुंग न उडता आत राहिलेलं भोक ओळखणं शिकवायचंय. वर्षाचं काम काही महिन्यांत होतं.

पण एक रेघ पक्की ठेवा. कायद्याने ज्या कामाला सर्टिफिकेट लागतं तिथे तुटवडा आहे म्हणून बिनसर्टिफिकेटचा माणूस उभा करायचा नाही. खाणीतला मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो, त्याला तुमची पदं रिकामी आहेत हे कळत नाही. माणूस नसेल तर तो फेस बंद ठेवा. बंद फेसचं नुकसान भरून निघतं.

जवळची पोरं आणि बायका

लांबून आणलेला माणूस लांब जातो. खाणीच्या आसपास राहणारं पोरगं थांबायची शक्यता जास्त, पण त्याला बहुतेक वेळा गेटवरची पहारेदारी किंवा झाडू मारायचं काम मिळतं आणि मशीनवर बाहेरचा बसतो, त्यातून कडवटपणा येतो तो वेगळाच. शाळा संपायच्या वयातच त्यांच्यापर्यंत जा, एक दिवस वर्कशॉप दाखवा, आणि दरवर्षी ठराविक पोरं शिकाऊ म्हणून घ्या. गणित कच्चं असतं म्हणून नाकारू नका, सहा महिने गणित आणि वाचन शिकवा, ते शिकवणं सोपं आहे. मी स्वतः असे वर्ग घेतलेत, आकडेमोडीला घाबरणारा पोरगा नंतर लेव्हल आणि थिओडोलाइट ही मोजणीची यंत्रं हातात घेऊन फिरताना बघितला की जे वाटतं ते सांगता येत नाही.

ट्रेनिंगचे पैसे पोराकडून घेऊ नका. खाणीतल्या सुरक्षिततेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९५ चा करार, क्रमांक १७६, त्यात साफ लिहिलंय की शिकवणं आणि पुन्हा शिकवणं हे कामगाराला फुकट मिळालं पाहिजे, आणि समजेल अशा सूचना मिळाल्या पाहिजेत. समजेल अशा, म्हणजे त्याच्या भाषेत. इंग्रजीतलं मॅन्युअल हातात देऊन सही घेतली म्हणजे ट्रेनिंग झालं असं होत नाही.

बायकांबद्दल. १९३५ च्या एका आंतरराष्ट्रीय कराराने बायकांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई केली होती आणि कित्येक देशांत ती अनेक दशकं टिकली, भारतात २०१९ मध्ये नियम सैल झाले. म्हणजे निम्मी माणसं आपण बाहेर ठेवली आणि मग म्हणत राहिलो की माणसं नाहीत. बीएचपी या ऑस्ट्रेलियातल्या बड्या खाण कंपनीने २०१६ मध्ये ठरवलं की २०२५ पर्यंत स्त्री-पुरुष समतोल आणायचा, म्हणजे मोठ्या कंपनीलाही हे आकडा ठेवून आणि वर्षानुवर्षं मागे लागून करावं लागतं, आपोआप होत नाही.

जाहिरातीत "महिलांनी अर्ज करावेत" लिहून काही होत नाही. आधी खाली आणि वर स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, मापाचे बूट, मापाचे हातमोजे, मापाचा हार्नेस (उंचावरून पडताना धरणारा पट्टा). पुरुषांच्या मापाचा हार्नेस बाईला घातला तर तो पडताना धरत नाही, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. एका शिफ्टमध्ये एकटी बाई ठेवू नका, तीन-चार जणींची तुकडी एकत्र घ्या. आणि तक्रार ऐकायला खाणीतल्या साहेब लोकांच्या साखळीबाहेरचा माणूस ठेवा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीत २०२२ मध्ये खाणीच्या कॅम्पात बायकांच्या लैंगिक छळाचं जे बाहेर आलं ते वाचवत नाही, आणि ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत खाणींमधलं आहे. आधी कॅम्प सुरक्षित करा, मग बोलवा.

सिम्युलेटर, ऑटोमेशन आणि ठेकेदार

सिम्युलेटर चांगला आहे पण तो कशासाठी ते नीट समजून घ्या. उतारावर ब्रेक गेला, टायरला आग लागली, धुक्यात समोरून गाडी आली, हे खऱ्या डंपरवर शिकवता येत नाही, तिथे सिम्युलेटर लागतोच. पण ओल्या हॉल रोडवर (खाणीतल्या माल वाहायच्या रस्त्यावर) भरलेला डंपर बुडाखालून थोडा सरकल्याची जाणीव तिथे येत नाही. म्हणून दोन्ही तास वेगळे मोजा, सिम्युलेटरचे तास खऱ्या मशीनच्या तासांत मिसळून पोराला एकटं सोडू नका.

ऑटोमेशनबद्दल मला नेहमी विचारतात की ड्रायव्हर नाही मिळत तर बिनड्रायव्हरची गाडीच घेऊ का. चिलीतल्या गॅब्रिएला मिस्ट्राल खाणीत २००८ पासून बिनड्रायव्हरचे डंपर चालतात, आणि रिओ टिंटो कंपनीची पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारातली बिनचालकाची मालगाडी २०१९ पासून पूर्ण सुरू आहे, तिचं कंट्रोल सेंटर पर्थमध्ये, खाणींपासून सुमारे १५०० किलोमीटर लांब. म्हणजे होतं, शंका नाही. पण तुटवडा तिथे संपत नाही, तो सरकतो. ड्रायव्हर कमी लागतात आणि त्यांच्या जागी नेटवर्कवाला, सेन्सर आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाला, डेटा बघणारा, आणि बंद पडलेल्या गाडीपाशी सुरक्षितपणे जाणारा फिटर लागतो, आणि ही माणसं ड्रायव्हरपेक्षा दुर्मिळ. ऑर्डर द्यायच्या किमान दीड-दोन वर्षं आधी त्यांना शिकवायला घ्या. कंट्रोल रूममध्ये बाहेरची कॉम्प्युटरवाली पोरं बसवण्यापेक्षा तुमचेच जुने डंपर ऑपरेटर बसवा, स्क्रीन शिकायला महिने लागतात पण रस्ता वाचायला वर्षं गेलेली असतात. पाठ गेली किंवा गुडघा गेला म्हणून बाहेर पडणाऱ्या चांगल्या माणसाला तिथे आणखी दहा वर्षं मिळतात.

ठेकेदाराच्या माणसांचं एवढंच सांगतो, तुमच्या त्या मोठ्या कागदावर त्यांची नावं पण असली पाहिजेत. लाल कामापैकी एखादं पूर्णपणे ठेक्यावर असेल तर ठेका संपेल त्या दिवशी ते कसब गेटबाहेर जातं. ठेक्यात लिहून घ्या की इतकी शिकाऊ माणसं ठेवायची आणि त्यांच्या ट्रेनिंगची नोंद खाणीकडे राहील.

भाव पडेल तेव्हाची तयारी आत्ता

भाव पडणार, ते या धंद्यात ठरलेलंच आहे. तेव्हा कापाकापी सुरू झाली की ट्रेनिंग पहिलं जातं, म्हणून भाव चांगला असतानाच बोर्डाकडून लेखी घ्या की लाल कामांवरच्या शिकाऊ तुकड्या भाव काहीही असला तरी बंद होणार नाहीत. तुकडी छोटी करा, पण शून्य करू नका. मंदीत मशीन उभ्या असतात आणि जुन्या माणसांना वेळ असतो, शिकवायला त्याहून चांगला काळ नाही. ज्यांना कमी करावंच लागेल त्यांना काय येतं त्याचं नीट सर्टिफिकेट हातात द्या आणि त्यांचा नंबर ठेवा, दोन वर्षांनी त्यांनाच फोन करायचाय.

आणि तो कागद. तो दर तीन महिन्यांनी नवा करा, खाण मॅनेजरच्या सहीने, आणि एचआरच्या कपाटात ठेवू नका, शिफ्ट बदलते त्या खोलीत भिंतीवर लावा. पहिल्यांदा लावाल तेव्हा जुनी माणसं येऊन आपलं नाव शोधतील, पोरं येऊन विचारतील की तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात यायला मला अजून काय करावं लागेल. त्या पोरांची नावं तिथेच लिहून घ्या आणि सोमवारपासून जोडी लावा.